मावेपर्यंत मागे

ज्या घरात धंदाच पाडापाडीचा, त्या घरातल्या मुलींना लहानपणी भलत्याच गोष्टी शिकायला मिळतात. थोरलीला पाढ्यांच्या आधी सुरुंगाचे भोंगे पाठ झाले. पहिला भोंगा म्हणजे कामाची माणसं बाहेर, दुसरा म्हणजे दोरीच्या आत चिटपाखरू नको, आणि तिसरा म्हणजे आता धडाम. धाकटीला तिसऱ्या भोंग्याची इतकी धास्ती, की ती दुसऱ्यालाच कानांवर हात ठेवून आईच्या पदरात तोंड खुपसायची. आप्पा हसायचे. म्हणायचे, "हिला आपले फोटोच काढू दे. फोटोचा आवाज होत नाही."

पुढे तसंच झालं. थोरलीनं आप्पांचा धंदा हातात घेतला आणि धाकटीनं पेठेत फोटोचं दुकान टाकलं. बंद पडलेल्या कारखान्यांची उंच उंच धुरांडी थोरली पाडायची, आणि ज्यांना कुठं तरी निघून जायचंय अशा लोकांचे पासपोर्टचे फोटो धाकटी काढायची. आप्पा मधल्या मध्ये दोघींच्या धंद्यात पाय अडकवून होते. सुरुंगाला हात लावायचं त्यांनी कधीच सोडलं होतं, पण थोरलीच्या कामावर गळ्यात कॅमेरा अडकवून जायचं काही सोडलं नव्हतं.

तो कॅमेरा नुसता हौसेचा नव्हता. पूर्वी आप्पांना एक अडचण नेहमी यायची. दोरी बांधायची ती धुरांड्याच्या उंचीच्या हिशेबानं, आणि जुन्या धुरांड्याची उंची कोणालाच ठाऊक नसे. नकाशे उंदरांनी खाल्लेले, मालक परागंदा, आवारात खड्डे आणि मोडकी यंत्रं. टेप सरळ धरायला जावं तर चार पावलांवर नाला. तेव्हा आप्पांनी आपल्या छोट्या कॅमेऱ्यावर युक्ती बसवली. पस्तीस मिलिमीटरची लेन्स लावायची, कॅमेरा उभा धरायचा आणि मागे मागे जात राहायचं. धुरांडं बुडापासून टोकापर्यंत फ्रेममध्ये मावलं, वर बोटभर आभाळ उरलं, की थांबायचं. तिथून धुरांडं त्याच्या उंचीच्या दीडपट लांब असतं. धुरांडं उंच असेल तर माणूस आपोआप जास्त मागे जातो, बुटकं असेल तर कमी. मोजायचं काही नाही, विचारायचं कोणाला नाही. आप्पा थांबतील त्या जागेच्या मागे खुंटी ठोकायची आणि तेवढ्याच अंतरानं चौफेर दोरी फिरवायची. "मावेपर्यंत मागे" एवढं एकच वाक्य त्यांच्या सगळ्या विद्येचं सार होतं.

मग आप्पा त्याच जागी उभे राहत आणि सगळं ठीक दिसलं की डावा हात पूर्ण वर करत. तो हात दिसला की थोरली तिसरा भोंगा द्यायला सांगे. इतक्या वर्षांत दोरीला कधी विटेचा तुकडा लागला नाही. जी गोष्ट कधी चुकत नाही तिच्याबद्दल कोणी काही विचारत नाही, आणि इथंच तर सगळं घोडं पेंड खातं.

गावातल्या जुन्या कारखान्याचं धुरांडं पाडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आप्पा दुकानात आले ते कॅमेरा तळहातावर धरून, दुखरं पाखरू आणल्यासारखे. कॅमेऱ्याचं शटर अडकलं होतं. सुरुंगांपायी आप्पांचे कान केव्हाच गेले होते, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या पेठेशी बोलायचं.

"राहू दे इथं, सकाळी बघते!" धाकटी ओरडली. "उद्यासाठी माझा मोठा घेऊन जा!"

त्यांची पस्तीसची लेन्स मुळात मोठ्या कॅमेऱ्यासाठीच घडवलेली. ती तिच्या कॅमेऱ्यावर झक्क बसली. आप्पांनी दारात उभं राहून रस्त्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, यात तर केवढं दिसतंय! समोरचं शिंप्याचं दुकान, त्याच्या बाजूचं, त्याच्याही बाजूचं."

"लेन्स तीच आहे आप्पा. आतला सेन्सर मोठा आहे. तुमचा छोटा सेन्सर मधला तुकडा तेवढा घेतो, कडेचं सगळं सोडून देतो. अंगण तेच, पण खिडकी मोठी!"

"म्हणजे धुरांडं जवळूनच मावेल की," आप्पा म्हणाले. "बरं झालं बाई. माझ्या गुडघ्यांची तेवढीच चाल वाचली."

दोघंही हसली. धाकटीनं आपल्या हातानं कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्या गळ्यात घातला, आणि आप्पा नव्या खेळण्याच्या आनंदात घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटरमध्ये अडकलेला खडीचा कण निघाला आणि छोटा कॅमेरा सुरू झाला. तेवढ्यात एक लठ्ठसे गृहस्थ घाईघाईनं आत आले. त्यांना पासपोर्टचा फोटो हवा होता, आणि तोही कालच हवा होता. धाकटीनं त्यांना स्टुलावर बसवलं, छोट्या कॅमेऱ्यावर आपली नेहमीची लेन्स चढवली आणि फरशीवरच्या पांढऱ्या खुणेवर जाऊन उभी राहिली. वर्षानुवर्षं ती त्याच खुणेवर उभी राहून फोटो काढत आली होती.

गृहस्थांचे दोन्ही कान फ्रेमच्या बाहेर होते.

ती एक पाऊल मागे सरली. कान आले, पण टाळू अजून बाहेरच. आणखी मागे सरली. शेवटी तिची पाठ भिंतीला टेकली तेव्हा कुठं ते पुरते मावले.

"बाई," गृहस्थ स्टुलावरून म्हणाले, "माझा फोटो शेजारच्या दुकानातून काढणार आहात का?"

ती हसली. "मोठा कॅमेरा वडिलांकडे आहे. हा छोटा. याच्यात मावायचं तर मागे यावं लागतं, आणि त्याच्यात..."

"त्याच्यात काय?"

तिची पाठ भिंतीला तशीच टेकलेली, डोळे समोरच्या पांढऱ्या खुणेवर. या कॅमेऱ्यात मागे. त्या कॅमेऱ्यात पुढे. आप्पा आता त्या कॅमेऱ्यातून बघत असतील, आणि मावलं की थांबत असतील. काल ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते, जवळूनच मावेल. आणि ती हसली होती.

छोट्यात दीडपटीवर मावतं. मोठ्याची फ्रेम छोट्याच्या दीडपट. हिशेब तर बोटांवर होण्यासारखा होता. तिनं तो दोनदा केला आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. ज्या जागी मोठ्या कॅमेऱ्यात धुरांडं मावतं, ती जागा जेमतेम धुरांड्याच्या उंचीएवढ्याच अंतरावर असते. धुरांडं तिकडे कललं तर ते आप्पांच्या पुढ्यात पडणार नाही, आप्पांवर पडेल. आणि आप्पांवरच का? दोरी त्यांच्या मागे, आणि दोरीला टेकून अर्धं गाव उभं.

आडवं पडायचं तर ते मोकळ्या मैदानाकडेच पडणार होतं, हे खरं. सुरुंग तसेच लावले होते. पण काल रात्री जेवताना थोरली म्हणाली होती, "बुडाशी एका अंगाची वीट भुसभुशीत आहे. ओल मुरलीय. ऐन वेळी धुरांडं मान फिरवेल की काय, सांगता येत नाही. पण असू दे, दोरी आहे ना आपली."

धाकटीनं थोरलीला फोन लावला. बंद. आप्पांना लावला. बंद. मुकादमालाही लावला, आणि तो बंद लागल्यावर तिला आठवलं की आज हे फोन लागायचेच नाहीत. सुरुंग भरले की आवारातले सगळे फोन बंद करून पत्र्याच्या पेटीत टाकायचे, हा नियम आप्पांनीच घातलेला. एका फोननं सुरुंग पेटू नये म्हणून. आप्पांना सगळ्या धोक्यांची किती काळजी! फक्त गळ्यातल्या धोक्याची त्यांना कल्पना नव्हती, कारण तो लेकीनं प्रेमानं घातलेला होता.

तिनं आप्पांचा कॅमेरा तसाच गळ्यात टाकला आणि दाराकडे धावली.

"अहो, माझा फोटो!" गृहस्थ उठले.

"बसा! दुकान बघा!" ती ओरडली, आणि आयुष्यात कधी न पाहिलेल्या माणसाच्या भरवशावर उघडं दुकान टाकून तिनं स्कूटर काढली.

भीती माणसाला हुशार करते असं कोणी म्हणत असेल तर त्यानं धाकटीला त्या रस्त्यावर बघायला हवं होतं. दोन वळणं ती चुकीची वळली. ज्या कारखान्याच्या भिंतीशेजारी शाळेच्या दिवसांत ती चिंचा पाडत हिंडली, त्याचा रस्ता तिला आठवेना. धुरांडं मात्र सगळीकडून दिसत होतं. घरांच्या वर, तारांच्या वर, लाल आणि शांत. ती त्याच्याकडे बघत गाडी हाकत होती आणि मनात म्हणत होती, उभं राहा रे बाबा, अजून थोडा वेळ उभं राहा.

भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर पहिला भोंगा झाला. स्कूटर एका हातगाडीला घासली, कोणीतरी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

कारखान्याच्या रस्त्यावर आडवी बल्ली टाकली होती आणि एक शिट्टीवाला पहारेकरी उभा होता.

"पुढे बंद आहे, ताई."

"माझे वडील आत आहेत. थांबवायला पाहिजे. दोरी चुकलीय."

"कोण वडील?"

"आप्पा. दोरीचे आप्पा."

पहारेकऱ्याचा चेहरा एकदम सैल झाला. "अहो, मग कसली काळजी? आप्पांची दोरी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गाडी लावा इथं आणि भिंतीच्या कडेनं चालत जा. आज तर फार छान दिसतंय म्हणे."

आज छान दिसतंय. ती गाडी तिथंच टाकून पळत सुटली.

भिंत संपली आणि ती माणसांच्या पाठींवर जाऊन आदळली. दोरीला लागून ही गर्दी. पोरं बापांच्या खांद्यांवर, बायका एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून उभ्या. धाकटीनं वर पाहिलं. लहानपणापासून तिनं आप्पांच्या दोरीमागून कितीतरी धुरांडी पाहिली होती, पण दोरीमागून बघायला मान कधी एवढी मागे टाकावी लागली नव्हती. आज धुरांडं समोर नव्हतंच, ते डोक्यावर होतं.

"या वेळी काय मस्त जवळून बघायला मिळतंय!" पुढचा एक जण म्हणाला.

"मागे व्हा!" ती ओरडली. "सगळे मागे व्हा, दोरी चुकलीय!"

"हो का?" एक बाई वळून म्हणाली. "आम्ही मागे व्हायचं आणि तुम्ही पुढे यायचं, असंच ना? सकाळपासून उभे आहोत आम्ही इथं."

लोक हसले. धाकटीनं त्या बाईचा दंड धरला, हात जोडले, काहीबाही बोलली. पण घाबरलेल्या माणसाचं बोलणं घाबरलेलंच असतं, त्यात शेंडाबुडखा नसतो. सेन्सर, लेन्स, दीडपट, आप्पा. बाईनं दंड सोडवून घेतला.

दुसरा भोंगा झाला.

गर्दी चिडीचूप झाली. आता धुरांड्याभोवती कोणी नव्हतं. धाकटी कोपरं मारत दोरीपर्यंत पोचली, आणि तिला सगळं एकदम दिसलं. दूर उजवीकडे, दोरीच्या पुढे दोन हातांवर आप्पा. बाजूला त्यांचं घडीचं स्टूल. गुडघ्यांपायी आणलेलं. कॅमेरा उभा धरून ते त्याला डोळा लावून होते, दुसरा डोळा मिटलेला. आणि पलीकडे, एका जाड बुटक्या भिंतीआड थोरलीचं डोकं, कानांवर जाड झाकणं. त्या भिंतीआडून तिला धुरांड्याचं बूड दिसत नव्हतं. ती बघत होती फक्त आप्पांच्या हाताकडे.

धाकटीनं हाक मारली. घसा फुटेपर्यंत मारली. जे ऐकू शकत होते त्या सगळ्यांनी ती ऐकली, आणि ज्या दोघांनी ऐकायला हवी होती त्यांतल्या एकाचे कान सुरुंगांनी नेले होते आणि एकीनं स्वतःच बंद केले होते.

आप्पांचा डावा हात लेन्सवरून सुटला.

त्यांच्यापर्यंत पोचायचं तर दोरीच्या कडेनं निम्मं आवार पळावं लागलं असतं. तेवढा वेळ नव्हता. पोचली असती तरी त्यांना ती दिसली नसती. त्यांना आता जगात फक्त त्या फ्रेममधलंच दिसत होतं. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ती स्वतः दिवसभर हेच तर करायची. जे फ्रेममध्ये नाही ते नाहीच.

म्हणून ती दोरीखालून वाकली आणि धुरांड्याकडे पळाली.

मागे गर्दीनं एकच किंकाळी फोडली. धाकटीला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती आणि पुढेही कधी वाटणार नव्हती. बुडाशी पाडलेली भोकं आता तिला दिसत होती, त्यांतून लोंबणाऱ्या तारा दिसत होत्या. तिसरा भोंगा आता होणार, आता होणार. तिचे हात आपोआप कानांकडे जात होते आणि कानांवर हात ठेवून पळता येत नव्हतं. तिला आई आठवली, पदर आठवला. पाय मात्र कोणा दुसरीचे असल्यासारखे पळत होते. खडीवर ती एकदा पडली, उठली, धुरांड्यापासून वीस-पंचवीस पावलांवर येऊन आप्पांकडे तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हात हलवू लागली.

लांबवर आप्पा. चेहऱ्याच्या जागी काळा कॅमेरा. डावा हात कमरेशी आला, छातीशी आला, खांद्यापर्यंत गेला.

आणि तिथं थांबला.

कॅमेरा चेहऱ्यावरून खाली आला. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण तो माणूस एकाएकी केवढा लहान झाला ते दिसलं. मग आप्पांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर आपटायला सुरुवात केली. नाही, नाही, नाही. भिंतीआडून थोरली उभी राहिली.

ती धावत आली आणि पहिल्यांदा धाकटीच्या कानशिलात लगावली, मग तिला मिठी मारली.

"मरायचंय का तुला? अगं, मरायचंय का? माझ्या हातून मरायचंय?"

धाकटीनं वर बोट दाखवलं. "ताई, वर बघ," एवढंच तिला म्हणता आलं. "दोरीपाशी जाऊन वर बघ."

थोरली तिला ओढत दोरीपाशी घेऊन गेली आणि तिनं वर बघितलं. या धंद्यात तिची हयात गेलेली. तिला सेन्सर कळायची गरज नव्हती. मान किती मागे गेली एवढ्यावरून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही दोरी कोणी..." ती म्हणाली, आणि पुढचं गिळलं, कारण आप्पा गुडघे ओढत येऊन पोचले होते.

थोरलीनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. आप्पा ऐकत होते, गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "पण मावलं होतं गं. पूर्ण मावलं होतं. वर बोटभर आभाळसुद्धा होतं."

त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

धाकटीनं गळ्यातला छोटा कॅमेरा काढला. मोठ्यावरची पस्तीसची लेन्स उतरवून ती याच्यावर चढवली, आणि जे काम ती झोपेतही करायची त्याला आज थोरलीला कॅमेरा धरावा लागला. मग मोठा कॅमेरा तिनं स्वतःच्या गळ्यात टाकला आणि छोटा आप्पांच्या हातात दिला. आप्पा मागे निघाले. डोळा कॅमेऱ्याला, पाठ रस्त्याकडे, पाठीवर धाकटीचा हात. दर पावलाला त्यांच्या तोंडून "आई गं" निघत होतं. गर्दी कुरकुरत फुटली. सायकलवाल्याचं दुकान मागे पडलं, नाला ओलांडला, तरी धुरांड्याचं टोक फ्रेममध्ये येईना. "अजून?" आप्पा विचारायचे, आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "अजून." शेवटी ते जिथं थांबले, तिथून मघाची खुंटी आणि विसरलेलं स्टूल काडेपेटीएवढं दिसत होतं.

"इतक्या लांबून काय डोंबल दिसणार?" ती मघाची बाई म्हणाली.

भोंगे पहिल्यापासून झाले. तिसऱ्याला धाकटीनं कानांवर हात ठेवले नाहीत. ते दोन्ही हात आप्पांच्या पाठीवर होते आणि तिला ते काढवेनात.

बुडाशी धुराचे गोळे उठले, मग आवाज आला. धुरांडं क्षणभर तसंच उभं राहिलं, जणू त्याला अजून कळलंच नव्हतं. मग ते मैदानाकडे झुकलं, अगदी सांगितल्यासारखं. धाकटीच्या जिवात जीव येऊ लागला. आणि निम्म्यावर येता येता त्यानं मान फिरवली. भुसभुशीत अंग दबलं, सगळं धुरांडं स्वतःभोवती वळलं आणि माणसांकडे तोंड करून यायला लागलं. कोणी किंचाळलं नाही. किंचाळायलासुद्धा श्वास लागतो. जमीन पायांखालून उचलली गेल्यासारखी वाटली, आणि मग नुसती धूळ.

धूळ बसायला बराच वेळ लागला. स्टूल नव्हतं. मघाची खुंटी नव्हती. जिथं पोरं खांद्यांवर बसली होती तिथं विटांची रास होती. दोन-चार विटा उसळून पुढे आल्या होत्या आणि नव्या दोरीपासून खूप लांबच थांबल्या होत्या. ती बाई धाकटीजवळ आली आणि तिचा दंड धरून उभी राहिली.

पुष्कळ वेळानं आप्पा एका दगडावर टेकले. थोरली माणसं मोजत फिरत होती. एकदा मोजून झाली की पुन्हा मोजत होती. धाकटी आप्पांच्या शेजारी बसली.

"दुकानात एक गिऱ्हाईक बसवून आलेय," ती म्हणाली. "अजून बसले असतील."

आप्पांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी तिच्या गळ्यातला मोठा कॅमेरा ओढून मांडीवर घेतला आणि त्याच्या पाठीवरचा पडदा सुरू केला. हात वर करता करता कॅमेऱ्याचं बटण दाबायची त्यांची सवय होती, आणि मघा अर्ध्यावर थांबलेल्या हाताबरोबर उजवं बोट दाबलं गेलं होतं. फोटोत अख्खं धुरांडं होतं, बुडापासून टोकापर्यंत, वर बोटभर आभाळ. आणि अगदी डाव्या कडेला, फ्रेमला जवळजवळ चिकटून, ती. तोंड उघडं, हात वर, तांदळाच्या दाण्याएवढी.

आप्पांनी बराच वेळ बघितलं. मग दोन्ही अंगठे पडद्याच्या दोन कडांवर ठेवले.

"माझ्या कॅमेऱ्यानं एवढंच घेतलं असतं, नाही का?" ते म्हणाले.

अंगठ्यांच्या मध्ये धुरांडं होतं. ती नव्हती.

"तुमचा कॅमेरा असता तर तुम्ही तिथं उभेच नसता, आप्पा," ती त्यांच्या कानाशी ओरडली.

त्यांनी मान हलवली, पण ते पडद्याकडेच बघत होते. त्यांनी डावा अंगठा उचलला. ती होती. पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला. धाकटीनं त्यांचा हात धरून बाजूला करून पाहिला, पण तो हात परत परत तिथंच जात होता, झाकत होता आणि उघडून बघत होता की ती अजून आहे ना.